घेरियाचा अ‍ॅडमिरल

(दृश्य: विजयदुर्ग, ओहोटीची वेळ)

वाघोटण खाडीच्या तोंडावरचा हा विजयदुर्ग. शेजारी गिर्ये गाव, म्हणून इंग्रजांच्या कागदांत याचं नाव घेरिया. १७१७ साली, कान्होजी आंग्रे असताना, इंग्रज इथून हात हलवत परतले होते. १७५६ मध्ये ते पुन्हा आले. या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांपुढे खुद्द इंग्लंडच्या राजाचं आरमार होतं आणि 'केंट' जहाजावर अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन.

चौदाव्या वर्षी आरमारात शिरलेला हा माणूस. फिनिस्टेरला फ्रेंचांशी लढला, न्यूफाउंडलंडचा गव्हर्नर झाला, मग हिंदुस्थानात आला.

१२ फेब्रुवारी. एक तोफगोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. हे जहाज मूळ कंपनीचंच, आंग्र्यांनी धरून आणलेलं. बाकीची गुराबं, म्हणजे आंग्र्यांची लढाऊ जहाजं, एकमेकांना बांधलेली. आग या डोलकाठीवरून त्या डोलकाठीवर गेली. कोकणचं आरमार बंदरातच जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आणि जमिनीवर इंग्रजांच्या मदतीला कोण? पेशव्यांची फौज! किल्ल्याचा धनी, कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे त्यांच्याच छावणीत अडकलेला. नानासाहेबांनी घरचं भांडण मिटवायला परक्याचा हात धरला, तो असा महागात पडला. लूट सुमारे दहा लाखांची, ती इंग्रजांनीच वाटून घेतली. पेशव्यांना किल्ला द्यायचा शब्दही लांबवला. बाणकोट पदरात पडल्यावरच विजयदुर्ग सोडला.

किल्ल्यात तुळाजीची आई, बायका, मुलं होती. वॉटसनच्या सर्जननं लिहून ठेवलंय: म्हातारी रडत म्हणाली, आता या पोरांना बाप नाही. यापुढे मीच त्यांचा बाप, वॉटसन म्हणाला. तेव्हा सहा वर्षांच्या धाकट्यानं त्याचा हात धरला, म्हणाला, मग तूच माझा बाप. अ‍ॅडमिरलच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. तुळाजी मात्र मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेतच राहिला.

(दृश्य: हुगळी नदी)

पुढच्या जानेवारीत वॉटसननं कलकत्ता परत घेतलं, मार्चमध्ये फ्रेंचांचं चंद्रनगर. मग बंगालच्या नवाबाविरुद्ध प्लासीचं कारस्थान. कटात सामील असलेल्या अमीचंद सावकाराला फसवायला कंपनीचा सेनानी क्लाईव्ह यानं तांबड्या कागदावर खोटा तह केला. वॉटसननं त्यावर सही करायचं नाकारलं. सही झालीच, पण दुसऱ्याच्या हातानं, त्याच्या नावाची.

प्लासीनंतर दोन महिने व्हायच्या आत, १६ ऑगस्ट १७५७ रोजी, वॉटसन कलकत्त्यात तापानं गेला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये कंपनीनं त्याचं स्मारक उभारलं. त्यावर कलकत्ता आणि चंद्रनगरसोबत घेरियाचंही नाव कोरलेलं आहे, १३ फेब्रुवारी या तारखेसकट.