डेट्रॉइटला पत्रं लिहिणारे सुपरवायझर

नमस्कार श्रोतेहो. आज केनेथ हान यांच्याविषयी सांगणार आहे. अमेरिकेत काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. लॉस एंजेलिस काउंटी एवढी प्रचंड, पण तिचा कारभार पाहतात निवडून आलेले फक्त पाच सुपरवायझर. हान 1952 साली त्या पाचांत निवडून गेले आणि 1992 पर्यंत तिथेच राहिले. चाळीस वर्षं!

तेव्हाच्या लॉस एंजेलिसची हवा म्हणजे भर दुपारी समोरचे डोंगर दिसायचे नाहीत. डोळे चुरचुरायचे. गाड्यांच्या टायरांच्या रबरालाही चिरा जायच्या. मोटारींच्या धुरावर ऊन पडून हे विष तयार होतं, हे तिथल्याच शास्त्रज्ञांनी शोधून काढलं होतं. 1953 मध्ये हान यांनी डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारधंद्याच्या शहराला, पत्र लिहून थेट मोटार कंपन्यांनाच विचारलं, या धुराचं तुम्ही काय करताय? फोर्डकडून उत्तर आलं की, धूर हवेत लगेच विरून जातो, प्रदूषणाचा काही प्रश्न नाही.

आता जिल्ह्याच्या पुढाऱ्याचं दूरच्या कारखानदारापुढे काय चालणार? हुकूम सोडायचा अधिकार नाही, हाताशी फक्त कागद आणि पोस्टाचं तिकीट. पण हान यांनी पिच्छा सोडला नाही. दहा वर्षं उलटली तरी पत्रं जातच राहिली. आलेली उत्तरंही त्यांनी जपून ठेवली आणि सगळा पत्रव्यवहार छापून लोकांपुढे ठेवला. मला या माणसाचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. पुढे 1969 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मोटार कंपन्यांवर खटला भरला. धूर कमी करणारी उपकरणं त्यांनी संगनमताने लांबणीवर टाकली, असा आरोप होता.

त्याच वर्षी काउंटीच्या हार्बर जनरल रुग्णालयात अग्निशमन दलाच्या जवानांना पॅरामेडिकचं, म्हणजे रुग्णालयात पोचण्याआधीच तातडीचे उपचार करण्याचं, शिक्षण सुरू झालं. त्यामागेही हानच होते. तोवर रुग्णवाहिकेचं काम म्हणजे रुग्णाला उचलून पोचवणं, एवढंच. जवानाला इंजेक्शन देता येतं, पण कायदा आड येतो, म्हणून सुरुवातीला गाडीत नर्स बसायची. 1970 मध्ये राज्याने कायदा केला आणि ती अडचण संपली.

हान स्वतः गोरे, मतदारसंघात काळ्या लोकांची वस्ती मोठी. लॉस एंजेलिसमधली वॉट्स ही वस्ती त्यातच. 1965 मध्ये तिथे दंगल पेटली, तेव्हा आसपास धड रुग्णालय नव्हतं. 1972 मध्ये ते उभं राहिलं, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचं.

1987 मध्ये हान यांना पक्षाघात झाला. तरी पुढच्या वर्षी लोकांनी त्यांनाच निवडून दिलं. 1997 मध्ये ते गेले.

लॉस एंजेलिसमधल्या बाल्डविन हिल्स या टेकड्यांवर 1963 साली एक धरण फुटलं होतं. त्याच्या रिकाम्या पात्रात आता हिरवळ आहे, आणि त्या उद्यानाला हान यांचं नाव आहे. हवा स्वच्छ असली की तिथून शहर दिसतं आणि शहराच्या पाठीमागचे डोंगरही दिसतात.