ओबेद सिद्दीकी : संस्थेच्या आधीचं काम

मंडळी, ओबेद सिद्दीकींचं नाव निघालं की आपल्याकडे ठरलेल्या गोष्टी सांगितल्या जातात. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईला बोलावलं, टीआयएफआर या कुलाब्याच्या मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला, पुढे बंगळुरूला एनसीबीएस हे जीवशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. मग रॉयल सोसायटीची फेलोशिप, पद्मभूषण, पद्मविभूषण. झालं! या माणसानं प्रयोगशाळेत नेमकं काय केलं, ते राहूनच जातं. म्हणून आज संस्थेबद्दल कमी बोलेन. जिवाणू आणि चिलटं यांच्याबद्दल जास्त.

सिद्दीकी मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, जन्म १९३२ चा. शिक्षण अलीगढला. पीएचडीसाठी ते ग्लासगोला गेले, जनुकशास्त्रज्ञ ग्विदो पाँटेकॉर्व्हो यांच्याकडे. जनुक म्हणजे अखंड मणी, तो आतून तुटत नाही, असा समज त्या काळात नुकताच ढासळू लागला होता. पाँटेकॉर्व्होंच्या प्रयोगशाळेत ॲस्परजिलस या बुरशीवर हेच तपासणं चालू होतं. सिद्दीकींनी तिच्या एकाच जनुकाच्या आतल्या वेगवेगळ्या जागांची क्रमवारी लावली. काम किचकट, निकाल आकडेवारीचे. पण त्यातून एक सवय लागली, ती जन्मभर टिकली: यंत्र समजून घ्यायचं असेल तर त्यातला एकच भाग बिघडवायचा आणि मग काय होतं ते पाहायचं.

पुढचा मुक्काम अमेरिका, ॲलन गॅरन यांची प्रयोगशाळा. इथला प्रयोग जरा सावकाश सांगतो, कारण सिद्दीकींच्या कामातला हा मला सगळ्यात देखणा वाटतो. ई. कोलाय हा जिवाणू अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम तयार करतो. योग्य ते रसायन त्याच्या वसाहतींवर फवारलं, तर एन्झाइम असलेली वसाहत पिवळी पडते, नसलेली पांढरीच राहते. डोळ्यांनी दिसणारी परीक्षा, महागडं उपकरण लागत नाही. आता या एन्झाइमच्या जनुकात बिघाड असलेले काही म्युटंट घेतले. एन्झाइम शून्य. पण तोच बिघडलेला जनुक जिवाणूच्या दुसऱ्या वाणात नेला, तर एन्झाइम पुन्हा तयार होऊ लागतं! जनुक तोच, बिघाडही तसाच. मग दुरुस्ती केली कुणी?

गॅरन आणि सिद्दीकींनी १९६२ मध्ये दाखवलं, की त्या दुसऱ्या वाणात वेगळ्याच जागी एक जनुक आहे आणि तो पहिल्या जनुकातला बिघाड झाकतो. वाक्याच्या मध्येच चुकून पूर्णविराम पडावा आणि वाचणाऱ्यानं त्याकडे काणाडोळा करून पुढं वाचत जावं, तसं हे आहे. सिद्दीकींच्या हातात तेव्हा हा ‘पूर्णविराम’ नव्हता. होते ते फक्त वाचताना अर्थ न लागणारे बिघाड आणि त्यांना झाकणारा जनुक. पुढच्या काही वर्षांत अनेक प्रयोगशाळांनी मिळून उलगडा केला. जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या त्रिकुटांची. अशा चौसष्ट त्रिकुटांपैकी एकसष्ट अमिनो आम्लांसाठी, म्हणजे प्रथिनांच्या घटकांसाठी, आणि उरलेली तीन म्हणजे ‘इथं थांबा’ अशी खूण. आज बारावीच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. तिथं पोचायच्या पायऱ्यांमध्ये एक पायरी या प्रयोगाची आहे, आणि आपल्या मुलांना ते कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्याच सुमारास भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी भाभांकडे त्यांची शिफारस केली आणि सिद्दीकी कुलाब्याला आले. अणुशास्त्रज्ञांच्या आणि गणितज्ञांच्या त्या इमारतीत जिवाणू वाढवणारा माणूस! भाभांची माणसं हेरायची नजर म्हणतात ती ही. सुरुवातीची वर्षं सिद्दीकींनी जिवाणूंवरच घालवली. एका जिवाणूतून दुसऱ्यात गेलेला डीएनए तिथल्या डीएनएमध्ये कसा मिसळतो, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि मग, चाळिशीच्या आसपास, त्यांनी विषयच बदलला. बस्तान बसलेलं, नाव झालेलं. आपल्याकडे या वयात माणूस समित्यांवर जातो. हे गेले अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत, जीवशास्त्रज्ञ सीमूर बेन्झर यांच्याकडे, चिलटांच्या मज्जासंस्थेचा अभ्यास करायला. केळं पिकलं की घोंघावतात ती ही चिलटं, ड्रोसोफिला.

काही म्युटंट चिलटं नेहमीच्या तापमानाला अगदी ठणठणीत असतात. उडतात, चालतात, खातात. ‘पारा’ नावाचा म्युटंट एकोणतीस अंशांच्या आसपास नेला की धाडकन लुळा पडतो. थंड केला की उठून चालू लागतो, काही झालंच नाही अशा थाटात. ‘कोमाटोज’ हा दुसरा. तो अडतीस अंशांच्या आसपास लुळा पडतो, पण थंड केल्यावर लगेच उठत नाही, चांगला वेळ घेतो. बेन्झर आणि सिद्दीकींनी अशा चिलटांच्या मेंदूला विजेचा हलका झटका देऊन उडण्याच्या स्नायूंचा प्रतिसाद नोंदवला. गरम केल्यावर प्रतिसाद बंद. स्नायूला थेट झटका दिला तर तो हलतोच. म्हणजे दोष स्नायूत नाही, संदेश वाटेत अडतोय. हा शोधनिबंध १९७६ चा. पारा हा सोडियम वाहिनीचा, म्हणजे मज्जातंतूत विजेचा संदेश पुढं नेणाऱ्या दाराचा जनुक आहे, हे १९८९ मध्ये कळलं. कोमाटोजचा जनुक एनएसएफ या प्रथिनाचा निघाला. पेशीतल्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, पडद्याशी जोडल्या जायला हे प्रथिन लागतं, आणि मज्जातंतूंच्या टोकाला रसायन सुटतं ते या पुटिकांतूनच. पुटिकांच्या याच वाहतुकीच्या संशोधनाला २०१३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते जाहीर व्हायच्या दोन-अडीच महिने आधी, जुलैमध्ये, सिद्दीकी गेले.

मुंबईत परतल्यावर त्यांनी चिलटांची चव आणि वास हा विषय धरला. इथं व्हेरोनिका रॉड्रिग्ज येतात. आईवडील गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण आधी युगांडात आणि मग डब्लिनला. सिद्दीकींचं काम वाचून त्यांनी पत्र घातलं आणि मुंबई गाठली. चिलटाच्या पायाला साखरपाणी लावलं की ते सोंड बाहेर काढतं. पाय गोड ओळखतात, हो! ज्यांना हे जमत नाही असे म्युटंट शोधायचे, वासासाठी इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या नळीत चिलटं सोडायची आणि ती कुठल्या फाट्याला वळतात ते मोजायचं. दोघांचा निबंध १९७८ मध्ये एका भारतीय नियतकालिकात आला. पुढे १९८८ मध्ये रॉड्रिग्ज यांनी दाखवलं, की वेगवेगळे वास चिलटाच्या मेंदूत वेगवेगळ्या गाठींना जागं करतात. हे गुरूच्या कामाचं शेपूट नव्हतं. तो त्यांचा स्वतःचा, पुढचा प्रश्न होता. सिद्दीकींचा प्रभाव मोजायचाच तर मी इथं मोजीन.

महाबळेश्वरच्या चर्चासत्रांचाही उल्लेख करायला हवा. आधुनिक जीवशास्त्रावरची ही मालिका सिद्दीकींनी सुरू केली. पुढे सत्रं दुसऱ्या गावी भरली तरी नाव महाबळेश्वरचंच राहिलं. एनसीबीएसबद्दल इतकंच, की संचालकपद सोडल्यावरही त्यांची प्रयोगशाळा तिथं चालू होती आणि ते चिलटांच्या वासाच्या स्मृतीवर काम करत होते.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, नाहीतर हे कौतुकपुराण होईल. वास ओळखणारे ग्राहक-रेणू म्युटंटच्या वाटेनं मिळाले नाहीत. उंदरांत ते १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी शोधले, म्युटंट न शोधता थेट डीएनएच्या बाजूनं. त्या दोघांना २००४ मध्ये नोबेल मिळालं. चिलटांतले ग्राहक १९९९ मध्ये सापडले, तेही मुख्यतः जनुकक्रम चाळून. मुंबईत वीस वर्षं आधी प्रश्न बरोबर धरला होता, पण हत्यार अपुरं पडलं. कारण आज कळतं. असे ग्राहक डझनावारी असतात, त्यातला एक बिघडला तरी बाकीचे बरंच सांभाळून घेतात, आणि चिलटाच्या वागण्यात फरक जेमतेम दिसतो. एकेक भाग बिघडवून पाहायची युक्ती, जी बुरशीपासून कोमाटोजपर्यंत चालली, ती नेमकी इथं अडली.

माझं एवढंच. प्रश्न असतील तर घेऊ या.