आर्टिस्ट म्हणा त्यांना

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत वरातीपुढे बेंजो वाजवणाऱ्या एखाद्या तरुणाला विचारा, काय करतोस? तो सांगतो, ‘आर्टिस्ट आहे.’ गोरेगावच्या चित्रनगरीत कोर्टाच्या दृश्यात मागच्या बाकावर बसायला आलेली बाई ज्युनिअर आर्टिस्ट असते. वाढदिवसाला पोरांना जादू दाखवणारा, मालिकांना आवाज देणारी, सोसायटीच्या पूजेला नकला करणारा, हे सगळे स्वतःला आर्टिस्ट म्हणवतात. आपल्याकडे कलाकार, कलावंत असे चांगले शब्द असताना ही मंडळी इंग्रजी शब्द का धरून बसतात, असं मला मराठीवर प्रेम करणारी पुष्कळ माणसं विचारतात. माझंही मराठीवर प्रेम आहे. तरी या बाबतीत मी त्या बेंजोवाल्याच्या बाजूची आहे.

करमणूक करून पोट भरणाऱ्यांसाठी आपल्या भाषेत शब्द कमी नाहीत. शाहीर, सोंगाड्या, नाच्या, गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, डोंबारी, गारुडी, तमासगीर. ऐकायला किती गोड यादी आहे! पण यातले निम्मे शब्द कामाआधी जात सांगतात. डोंबारी म्हटलं की दोरीवरची कसरत मागे राहते आणि माणूस कुठल्या पालावरून आला ते पुढे येतं. तमाशातला नाच्या म्हणजे ताल, लकब आणि हजरजबाबीपणा एकत्र असलेला माणूस, आणि त्याचं नाव आपण शिवीसारखं वापरतो. घरात कुणी आवाज चढवला की आपण म्हणतो, ‘तमाशा करू नकोस.’

आणि बायकांचं काय? कलावंत म्हटलं की पुरुषाला मान मिळतो. त्याच शब्दाचं स्त्रीलिंग करून पाहा. कलावंतीण. हा शब्द आपल्या आज्या कुठल्या सुरात उच्चारायच्या, ते ऐकणाऱ्यांना आठवत असेल. मंचावर उभ्या राहणाऱ्या बाईला मराठीनं पुरुषाच्या बरोबरीचं नाव फार उशिरा दिलं. ‘तो आर्टिस्ट’ आणि ‘ती आर्टिस्ट’ यांत मात्र शब्द बदलत नाही, आणि त्यामागची नजरही निदान त्या शब्दामुळे बदलत नाही. लावणी करणाऱ्या मुलीनं आपल्या कार्डावर हा शब्द छापला, तर तिनं मराठी सोडली असं मला वाटत नाही. इतकी वर्षं तिला जे सोसावं लागलं, त्यातून तिनं स्वतःला सोडवलं आहे.

या बदनामीची ताकद किती होती, ते आपल्या चित्रपटाच्या पहिल्याच वर्षात दिसतं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला, तेव्हा तारामतीचं काम केलं होतं साळुंके नावाच्या तरुणानं. फाळक्यांना तो ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करताना सापडला. कॅमेऱ्यासमोर उभं राहायला एकही बाई तयार झाली नव्हती. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई उभ्या राहिल्या. त्या दोघींचं नाव मी फार आदरानं घेते.

नाव बदलून जगण्याची वेळ तमाशावरही आली. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, तेव्हा गिरणगावात अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या पिढीनं तोच बाज ‘लोकनाट्य’ या नावानं कामगारांपुढे ठेवला. ढोलकी तीच होती. नाव नवं होतं म्हणून कला तगली.

रेडिओचंही या बाबतीत ऋण आहे. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं केंद्र सुरू झालं. पुढे रेडिओनं ऑडिशन घेऊन कलाकारांना श्रेणी द्यायला सुरुवात केली, बी, बी-हाय, ए आणि टॉप. शास्त्रीय गाणाऱ्याला जी परीक्षा, तशीच लोकगीत गाणाऱ्यालाही. करारावर आर्टिस्ट म्हणून नाव, आणि कार्यक्रमाचं ठरलेलं मानधन. ज्याच्या बापानं दौलतजाद्यावर, म्हणजे तमाशात प्रेक्षकांनी खूश होऊन दिलेल्या पैशांवर, आयुष्य काढलं, त्याच्या मुलाला असा करार हातात आल्यावर काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

आता कागदावरच्या या शब्दाची किंमत किती असते, ते सांगणारी एक गोष्ट. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कित्येक दशकं बाईला मेकअप आर्टिस्ट म्हणून संघटनेचं सभासद कार्ड मिळत नव्हतं. संघटनेचा नियमच तसा होता. मेकअप पुरुषांनी करायचा, बायकांनी केस करायचे, म्हणजे हेअर ड्रेसर व्हायचं. शिकलेली, हातात उत्तम कसब असलेली बाई सेटवर जायची आणि कार्ड नाही म्हणून तिला काम नाकारलं जायचं, नाहीतर दंड मागितला जायचा. अखेर एक जण सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की असा नियम घटनेत बसत नाही. २०१४ साली, श्रोतेहो! माणूस चंद्रावर जाऊन आला, त्यालाही तोवर पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्या बायकांना कुणी कौतुकाचे चार शब्द बोलावेत एवढंच नको होतं. त्यांना कार्डावर ‘आर्टिस्ट’ हा शब्द हवा होता, कारण त्यावर शिफ्ट मिळते आणि त्यावर पैसे मिळतात.

सरकारच्या कागदांत तर या शब्दाचा आकार जागोजागी बदलतो. १९६२ च्या आयकर नियमांत ‘फिल्म आर्टिस्ट’ म्हणजे कोण, याची यादी होती. तिच्यात नटाबरोबर कॅमेरामन होता, संकलक होता, गीतकार होता, कपडे डिझाइन करणाराही होता. मेकअप करणाऱ्याचं नाव मात्र नव्हतं. जीएसटीमध्ये आर्टिस्टला सूट आहे, एका कार्यक्रमाचे दीड लाख रुपयांपर्यंत घेतले तर. पण कला शास्त्रीय किंवा लोककला असली पाहिजे. जादूचे प्रयोग आणि नकला यांना ती सूट मिळत नाही. माझ्या मते तीन तास प्रेक्षकांना हसवत ठेवणं ही तयारी लागणारी कला आहे, आणि करातही तिला तशीच वागणूक मिळायला हवी.

हे सगळे निदान कुठल्यातरी यादीत असू शकतात. पण मला सगळ्यांत जास्त काळजी आहे ती रस्त्यावरच्या माणसाची. दादर स्टेशनच्या पुलाखाली बासरी वाजवणाऱ्याची, लोकलच्या डब्यात ढोलक घेऊन गाणाऱ्या आजोबांची, दोरीवरून चालणाऱ्या त्या पोरीच्या आईबापांची. १९५९ साली मुंबई राज्यात भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात भीक म्हणजे काय, याची व्याख्या आहे. सार्वजनिक जागी दान मागणं किंवा घेणं, मग ते गाऊन असो, नाचून असो, भविष्य सांगून असो की खेळ करून दाखवून असो. वासुदेव, गोंधळी, बहुरूपी, गारुडी, डोंबारी, माझी ती सगळी गोड यादी त्या एका वाक्यात बसते! पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. शिवाजी मंदिरात तिकीट लावून गाणं म्हटलं तर आर्टिस्ट, आणि बाहेर फुटपाथवर तेच गाणं म्हणून चादर पसरली तर भिकारी. माणसाच्या गळ्यात काय आहे, हे कायदा विचारतच नाही.

हाच कायदा दिल्लीतही लागू केला होता. तिथल्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्याची कलमं रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता आहे. जिथं हा कायदा जन्मला, त्या महाराष्ट्रात तो उभाच आहे.

म्हणून मराठीच्या अभिमान्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आर्टिस्ट या शब्दावर रागावण्याची शक्ती त्या व्याख्येवर खर्च करूया. व्याख्येतून गाणं, नाच आणि खेळ हे शब्द काढायला विधानसभेत एक दुरुस्ती पुरते. त्यासाठी आपल्या आमदारांना पत्र लिहिता येतं. मी लिहिलं आहे, तुम्हीही लिहा. आणि येत्या गणपतीत तुमच्या मंडळात ढोलकीवाला, शाहीर किंवा नकलाकार येणार असेल, तर सुपारी देतानाच मानधनाचा आकडा कागदावर लिहा, फलकावर पाहुण्यांच्या नावांखाली त्याचंही पूर्ण नाव छापा, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री पैसे हातात द्या. त्याला शेवटची लोकल गाठायची असते.

नमस्कार.