सेकंदाचा पाचवा हिस्सा

[दृश्य : मोठ्या इमारतीची पॅनेल रूम. केबल ट्रेवर जाडजूड काळ्या केबल्स आणि त्यांच्या कडेला एक हिरवी-पिवळी वायर.]

काळ्या केबल्स दिवसभर लोड वाहतात, तापतात. हिरवी-पिवळी मात्र थंडच. इमारत उभी राहिल्यापासून तिला काम असं पडलेलंच नाही. पडलं नाही तेच बरं.

मग ही रिकामी बसलेली अर्थ वायर किती जाड घ्यायची?

साइटवर उत्तर तयार असतं : फेजच्या, म्हणजे लोड वाहणाऱ्या काळ्या केबलच्या, निम्मी. ते खोटं नाही. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत संस्थेच्या मानकात ३५ चौरस मिलिमीटरहून मोठ्या फेजला, धातू तोच असेल तर, निम्म्या आकाराची अर्थ वायर चालते. पण निम्मीच का, असं विचारलं की गाडी अडते.

[दृश्य : आवरण फाटलेली केबल, पॅनेलच्या पत्र्याला टेकलेली.]

फेज पत्र्याला टेकला. करंटला आता ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे परत जायचंय. तो जमिनीत जिरतो, हा समज फार चिवट आहे. हिशेब करून बघा. मातीची वाट ५ ओहमची धरली, तर २३० व्होल्टला जेमतेम ४६ अँपिअर. बिघाड झाला की वीज तोडणारा ४०० अँपिअरचा ब्रेकर एवढ्यावर हलणारही नाही, आणि पत्रा शॉक देत बसेल. ब्रेकर पाडायला हजारो अँपिअर लागतात. ती वाट देते ही हिरवी वायर. म्हणून ती फेजच्या सोबतच न्यायची. वेगळ्या वाटेने वळसा घालून नेली, तर तिचा अडथळा वाढतो.

तिची ड्यूटी ब्रेकर पडेपर्यंतची. तेवढ्या वेळात तिने वितळायचं नाही, आवरण जाळायचं नाही.

[दृश्य : कागदावर पेन्सिलने मांडलेलं गणित.]

समजा फॉल्ट करंट, म्हणजे अशा बिघाडात धावणारा करंट, २५ हजार अँपिअर आणि ब्रेकर पडायला ०.२ सेकंद. करंटचा वर्ग गुणिले वेळ, त्याचं वर्गमूळ, आणि त्याला भागायचं एका स्थिरांकाने. पीव्हीसी आवरणाच्या, सुट्या टाकलेल्या तांब्याच्या वायरला तो १४३. उत्तर येतं ७८ चौरस मिलिमीटर. बाजारात त्याच्या वरचा आकार ९५. या गणितात लोड कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये हे गणित करावं लागत नाही. तिथे २५०.१२२ क्रमांकाचा तक्ता ब्रेकरच्या रेटिंगवरून थेट आकार देतो : ४०० अँपिअरला साधारण २७ चौरस मिलिमीटर तांबं, १६०० ला साधारण १०७. सोय मोठी, पण हे आकडे किमान आहेत. फॉल्टचा करंट झेपत नसेल तर वायर वाढवावीच लागते, असं त्या तक्त्याखालीच लिहिलंय.

फीडर, म्हणजे पॅनेलकडून पुढे वीज नेणारी मुख्य लाइन, लांब असला की वाटेत व्होल्टेज फार घटू नये म्हणून फेज जाड करतात आणि अर्थ तसाच सोडतात. तो कोड इथे बजावतो : फेज ज्या प्रमाणात वाढवला, त्याच प्रमाणात अर्थही वाढवा.

[दृश्य : पॅनेलखालून निघालेले चार समांतर पाइप.]

सगळ्यात जास्त वाद होतो तो इथे. १६०० अँपिअरचा फीडर चार पाइपांत वाटला. फेज वाटले, मग अर्थचेही चार भाग करू, असं कुणालाही वाटेल. पण फॉल्ट चार पाइपांत वाटून होत नाही. तो एकाच पाइपात होतो, आणि त्या जागी करंट दोन्ही टोकांकडून धावून येतो : एक सरळ पॅनेलकडून, दुसरा बाकीच्या तीन पाइपांतून पलीकडे जाऊन उलटा. त्यामुळे प्रत्येक पाइपात १०७ चौरस मिलिमीटरची पूर्ण वायर. तांब्याचा खर्च बघून मालक कुरकुरतो, पण तोडगा नाही.

[दृश्य : मुख्य ब्रेकरचा दर्शनी भाग. एक हात डायल फिरवतोय.]

आता वेळेकडे या. खालचा छोटा ब्रेकर आधी पडावा, सगळी इमारत अंधारात जाऊ नये, म्हणून मुख्य ब्रेकरला मुद्दाम उशीर देतात. मागणी रास्त आहे. ०.२ चे ०.५ सेकंद झाले. तेच गणित पुन्हा मांडा : ७८ च्या जागी १२४ चौरस मिलिमीटर.

[दृश्य : पुन्हा तीच ट्रे, तीच हिरवी-पिवळी वायर.]

ट्रेवर मात्र अजून ९५ चीच वायर आहे.