खुनी कोण? सलूनमध्ये विचारा

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय समलिंगी हौशी गुप्तहेरांच्या खेळकर रहस्यकथा. त्याची सुरुवात एका रेडिओपासून होते, आणि रेडिओवर बोलायला बसल्यावर हा योगायोग मला काही सोडवेना.

१९६६ साली जॉर्ज बॅक्स्ट या अमेरिकन लेखकाची 'अ क्विअर काइंड ऑफ डेथ' ही कादंबरी आली. न्यूयॉर्कमधला एक देखणा तरुण अंघोळीच्या टबात निवांत पडलेला असतो आणि कुणीतरी चालू रेडिओ पाण्यात ढकलून देतं. खेळ खलास. तेव्हा मंडळी, तुमचा संच बादलीपासून जरा लांब सरकवा आणि मग पुढचं ऐका.

या खुनाचा तपास फॅरो लव्ह नावाचा पोलीस करतो. तो कृष्णवर्णीय आहे, समलिंगी आहे आणि समोरच्या प्रत्येकाला 'कॅट' म्हणतो. त्याआधीही रहस्यकथेत समलिंगी माणूस नव्हता असं नाही. पण तो बहुधा प्रेत म्हणून यायचा, नाहीतर ब्लॅकमेलरच्या मुठीत सापडलेला बिचारा म्हणून, नाहीतर शेवटच्या पानावर सापडणारा विकृत खुनी म्हणून. फारच नशीब असलं तर हात हलवत बोलणारा, दोन मिनिटं हसवून निघून जाणारा नोकर. तपास करणारा तो क्वचितच असायचा. १९७० साली जोसेफ हॅन्सनने डेव्ह ब्रँडस्टेटर हा विमा कंपनीचा तपासनीस उभा केला. त्या कादंबऱ्या उत्तम आहेत, पण त्यांत हसू शोधायला लागतं. मला आज बोलायचंय ते हसऱ्या खुनांबद्दल आणि हौशी गुप्तहेरांबद्दल, म्हणजे ज्यांचा पोटापाण्याचा धंदा वेगळाच आहे अशांबद्दल.

माझी यांच्याशी गाठ पडली ती मुंबईत हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर. जुन्या पुस्तकांच्या ढिगात ब्यूटी पार्लरच्या कोर्सची दोन-चार पुस्तकं होती आणि त्यांच्यामध्ये 'अ बॉडी टु डाय फॉर'. लेखक ग्रँट मायकल्स, साल १९९०. विक्रेत्याची चूक नव्हती. इंग्रजीत केसांना लावायचा डाय आणि मरणं या अर्थाचा डाय यांची स्पेलिंगं वेगळी, उच्चार एक. शीर्षकातली कोटी त्यावरच बेतलेली, आणि त्याने शीर्षकातला केसांचा डाय बघून पुस्तक बरोबर केसांच्या ढिगात टाकलं होतं. देवनागरीत लिहा, दोन्ही डाय एकच. भाषांतरकाराचं काम आपल्या लिपीने फुकटात करून टाकलंय.

नायक स्टॅन क्रेचिक बोस्टनमधल्या एका महागड्या सलूनमध्ये केस कापतो. कामावर त्याचं नाव 'व्हानोस', कारण फॅशनेबल गिऱ्हाइकांना स्टॅन हे नाव फारच साधं वाटेल. एका खास गिऱ्हाइकाच्या घरात एका पार्क रेंजरचं प्रेत सापडतं आणि संशय येतो स्टॅनवर. स्वतःची मान सोडवायची म्हणून हा गडी बोस्टनहून थेट कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात जातो. मान सोडवायला गेलेला माणूस डोंगरदऱ्यांत काय काय करून बसतो, ते सांगत नाही, वाचा. तपासावर असलेला लेफ्टनंट ब्रँको इतका देखणा आहे की स्टॅनला त्याचा राग नीट धरता येत नाही. तो दरडावतोय आणि ह्याचं लक्ष त्याच्या केसांकडे. पुढच्या 'लव्ह यू टु डेथ'मध्ये तर प्रकरण चॉकलेटांपर्यंत जातं. मधुमेहींनी जपून वाचावं.

आता मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं ते सांगतो. हौशी गुप्तहेर ही रहस्यकथेतली एक सोयीस्कर थाप आहे. खेड्यातली म्हातारी विणकाम करता करता खून सोडवते आणि आख्खं पोलीस खातं तिच्यापुढे मान डोलावतं, हे आपण गोड मानून घेतो. खऱ्या आयुष्यात कुणी त्या आजीबाईंना घटनास्थळी पाऊलसुद्धा टाकू देणार नाही. पण नायक समलिंगी असला की ती थाप थाप राहत नाही. कारण ज्यांनी बोलायला हवं, ते साक्षीदार पोलिसांशी बोलणारच नसतात.

१९८० साली आलेली 'व्हर्मिलियन' घ्या. गाव पुन्हा बोस्टन, हाडं गोठवणारा हिवाळा. शरीर विकून जगणाऱ्या एका पोराचं प्रेत एका आमदाराच्या हिरवळीवर सापडतं, आणि हा आमदार समलिंगी माणसांचा उघड द्वेष्टा. स्वतःच्या अंगणातली ही घाण लवकर निस्तरावी म्हणून तो दबाव आणतो, आणि पोलीस निघतात बार झोडपायला. मेलेला पोरगा कोण होता, कुणाबरोबर होता, हे त्या बारमधल्या दहा माणसांना ठाऊक असतं. पण वर्दीसमोर तोंड कोण उघडणार? उघडलं तर पहिला प्रश्न येणार, 'तू तिथे काय करत होतास?' आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलम ३७७ ची धार काढली. त्याआधी हा प्रश्न मुंबई-पुण्यातही तितकाच चालायचा. कुणी लुबाडलं, धमकावलं, तरी चौकीची पायरी चढायची म्हणजे फिर्यादीने स्वतःच आरोपी होऊन यायचं.

म्हणून 'व्हर्मिलियन'मधला डॅनियल व्हॅलेंटाइन लागतो. हा बारटेंडर. काउंटरपलीकडे उभं राहून ग्लास पुसायचे आणि ऐकायचं. त्याची मैत्रीण क्लॅरिस लव्हलेस घरांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात. विचार करा, एकाला माणसं येऊन सांगतात आणि दुसरीकडे घरांच्या किल्ल्या आहेत. गुप्तहेराला आणखी काय हवं? या जोडीत प्रेमाबिमाचा प्रश्नच नाही, त्यामुळे रहस्यकथेतल्या स्त्री-पुरुष जोडीच्या मानेवर बसलेलं ते 'कधी एकदा जुळतंय' याचं भूत नाही. उरतं ते निखळ भांडण आणि टोमणे. मला विचाराल तर खुनापेक्षा यांच्या गप्पांसाठी पानं उलटावीत. रहस्य बेतास बात आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पुढे 'कोबाल्ट', 'स्लेट', 'कॅनरी'. १९८० ते १९८६ या काळात चार पुस्तकं, चारही नावं रंगांची. 'कोबाल्ट' घडते प्रॉव्हिन्सटाउनला, केप कॉडच्या अगदी टोकावरच्या त्या गावात, जिथे उन्हाळा लागला की समलिंगी मंडळींची जत्रा भरते. कोबाल्ट म्हटल्यावर मराठी वाचकाला सचिन कुंडलकरांची २००६ सालची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आठवेल. तिचा या मालिकेशी काही संबंध नाही. रंग तेवढा एक.

लेखकाच्या जागी नाव आहे नेथन अल्डाइन. असा माणूसच नाही! मायकल मॅकडॉवेल आणि डेनिस शुट्झ या दोघा मित्रांचं हे टोपणनाव. यातला मॅकडॉवेल म्हणजे अजब वल्ली. अलाबामाचा माणूस, भयकथांचे गठ्ठेच्या गठ्ठे लिहिणारा. १९८८ चा 'बीटलज्यूस' हा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, त्याच्या पटकथेत याचा मोठा हात. ब्रँडाइस विद्यापीठातली त्याची डॉक्टरेट कशावर होती? १८२५ ते १८६५ या काळात अमेरिकन माणसं मृत्यूकडे कसं बघायची, यावर. आणि घरात संग्रह कसला, तर मरणाचा. मेलेल्यांचे जुने फोटो, शवपेट्यांवरच्या पाट्या, पुरतानाचे कपडे. हा संग्रह आता नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. इतकी वर्षं मरणाला उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाच्या खुनाच्या गोष्टी अशा खेळकर का, हे त्या खोक्यांकडे बघून जरा कळतं.

खेळकर म्हटलं, पण साल बघा. जून १९८१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. एड्सची ती पहिली चाहूल. म्हणजे व्हॅलेंटाइन आणि क्लॅरिस एकमेकांना टोमणे मारत होते त्याच वर्षांत त्या बारच्या गिऱ्हाइकांमधली माणसं एकेक करून कमी होत होती. १९८६ नंतर मालिका थांबली. मॅकडॉवेल १९९९ च्या डिसेंबरात एड्सशी निगडित आजारानेच गेला. 'कॅनरी' मी दुसऱ्यांदा वाचली ती हे कळल्यावर. विनोद तेच होते, मी जरा हळू हसलो.

शिकागोच्या मार्क रिचर्ड झुब्रोने १९८९ मध्ये शाळामास्तर टॉम मेसन आणि त्याचा बेसबॉलपटू जोडीदार यांची मालिका सुरू केली, तीही चांगली आहे. डीन जेम्सने तर २००२ मध्ये इंग्लंडच्या खेड्यात चक्क समलिंगी रक्तपिपासू पिशाच्च नेऊन बसवलं आणि त्याच्याकडून खून सोडवून घेतले. तिथे मात्र माझी दमछाक झाली.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. काळा पहाड, झुंजार यांच्यावर पिढ्या पोसल्या. त्या मोठ्या फळीवर असा एखादा हौशी गुप्तहेर माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. वास्तविक सलून आपल्याकडे काय कमी आहेत?

म्हणून मी एक प्रयोग केला. महिन्यातून एकदा मी ज्यांच्याकडे केस कापतो, त्या काकांना स्टॅनची गोष्ट हप्त्याहप्त्याने सांगितली. पहिल्या महिन्यात नायक पुरुषांवर प्रेम करणारा आहे हे सांगताना माझीच जीभ अडखळली. त्यांची कात्री नाही थांबली. म्हणाले, "तीस वर्षं झाली धंद्यात. गिऱ्हाईक बोलतं ते सगळं ऐकायचं. ऐकलं असं दाखवायचं नाही. तुमचा तो स्टॅन हुशार असेल तर गप्प बसेल." मी म्हटलं, "काका, तोच तर गप्प बसत नाही." त्यावर त्यांनी आरशातून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच प्रेताशेजारी सापडलोय.

चौथ्या महिन्यात खुनी सापडला. काकांनी मानेवरचा रुमाल झटकला, थोडा विचार केला आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण डाय कुठल्या कंपनीचा होता?"