झेरॉक्समधून गायब झालेला सूर्य

श्रोतेहो, नमस्कार. आज रेडिओवरून एक चित्र दाखवायला निघालोय. तेव्हा डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल.

चित्रकला शिकत असताना हे चित्र मला पहिल्यांदा भेटलं ते झेरॉक्समध्ये. झेरॉक्सची झेरॉक्स म्हणा ना. खाली लिहिलेलं, 'इम्प्रेशन, सूर्योदय, क्लोद मोने, १८७२'. वर नुसता राखाडी चिखल. होड्या दिसत होत्या, सूर्याचा मात्र पत्ता नव्हता. मी तडक दुकानात गेलो आणि मशीनवाल्याला ऐकवलं, "अहो, सूर्यच आला नाही यात, शाई संपली असेल तुमची." तो बिचारा मशीन उघडून दाखवत बसला. शाई भरपूर होती. त्याची माफी मागायची माझ्याकडून राहूनच गेली, कारण मशीन बरोबर होतं हे मला फार उशिरा कळलं.

चित्र आहे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ल आव्र बंदराचं. ते रंगवणारा फ्रेंच चित्रकार मोने याच गावात लहानाचा मोठा झाला. बंदरासमोरच्या हॉटेलच्या खिडकीतून त्याने हे रंगवलं. कॅनव्हास तसा छोटाच, साधारण ४८ बाय ६३ सेंटिमीटर. डावीकडे धुक्यात शिडाच्या जहाजांच्या उंच डोलकाठ्या, मागे धुराडी आणि त्यांचा धूर, उजवीकडे याऱ्या. पुढे पाण्यात एकामागे एक अशा तिरप्या रेषेत तीन होड्या. जवळची गडद, पुढची फिकट, तिसरी तर आहे की नाही असं वाटावं इतकी पुसट. धुक्यात अंतर कसं दाखवायचं, ते या तीन होड्यांतच शिकून घ्यावं.

आणि या सगळ्या निळ्या-करड्या पसाऱ्यात नारिंगी रंगाचं एक गोल टिकलं. तोच सूर्य. त्याच्याखाली पाण्यावर आडवे, जाडसर, तुटक फटकारे. बाकीचा रंग इतका पातळ लावलाय की काही ठिकाणी खालचा कॅनव्हास डोकावतो; या फटकाऱ्यांत मात्र रंगाचा जाडपणा डोळ्यांना जाणवतो.

आता त्या झेरॉक्सकडे येऊ. हार्वर्डमधल्या मज्जाशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी या चित्राचा उजळपणा तपासला. त्यांना दिसलं की सूर्य आणि त्याच्या भोवतालचं आकाश जवळजवळ सारखंच उजळ आहे. वेगळा आहे तो फक्त रंग. म्हणून कृष्णधवल प्रतीत सूर्य आकाशात विरून जातो. खऱ्या आकाशातला सूर्य भोवतालापेक्षा कितीतरी पट उजळ असतो; इथे मोनेने तो फरकच ठेवला नाही, सगळी भिस्त नारिंगी आणि निळ्यावर टाकली. हे दोन रंग एकमेकांचे पूरक, शेजारी आले की दोघेही पेटतात. आपल्या मेंदूत वस्तू कुठे आहे, हलते का, हे बघणारी यंत्रणा उजेड-अंधाराच्या फरकावर चालते, रंगाशी तिला फारसं देणंघेणं नसतं. तिला हा सूर्य धड सापडत नाही. रंग ओळखणाऱ्या यंत्रणेला तो ठसठशीत दिसतो. लिव्हिंगस्टन यांच्या मते या ओढाताणीमुळेच तो सूर्य जागेवर थरथरल्यासारखा वाटतो.

मोनेला यातलं मेंदूशास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याची नजर? ती पक्की होती.

१८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत मोने आणि मित्रांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. कॅटलॉगसाठी नाव हवं होतं. 'ल आव्रचं दृश्य' म्हणावं इतकं गाव त्यात दिसत नव्हतं, म्हणून मोने म्हणाला, 'इम्प्रेशन' लिहा, म्हणजे मनावर उमटलेला ठसा. लुई लरुआ नावाच्या समीक्षकाने याच शब्दाची टर उडवली. भिंतीला लावायच्या कागदाचा कच्चा नमुनासुद्धा याहून पूर्ण असतो, असा त्याचा टोला. पुढे त्याच शब्दावरून या चित्रकारांच्या सगळ्या पंथाचं नाव पडलं, इम्प्रेशनिझम. चित्र त्या वर्षी ८०० फ्रँकला विकलं गेलं आणि चारच वर्षांनी लिलावात त्याला २१० मिळाले. आज ते पॅरिसच्या मार्मोतां मोने संग्रहालयात आहे. मधे १९८५ साली भरदिवसा ते चोरीला गेलं होतं, १९९० साली कॉर्सिका बेटावर सापडलं.

ल आव्रची ती खिडकी मात्र आता शोधून मिळायची नाही. सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बफेकीत गावाचा मध्यभाग जमीनदोस्त झाला आणि नंतर काँक्रीटमध्ये नव्याने उभा राहिला.

कार्यक्रम संपला की मोबाइलवर हे चित्र उघडा. आधी रंगीत बघा, मग फोटोच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग पूर्ण काढून टाका. होड्या राहतील, डोलकाठ्याही राहतील. सूर्य कुठे गेला ते शोधत बसा, आणि सापडला नाही तर कृपा करून मोबाइलच्या दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. नमस्कार.