जोड कोणाशी लावणार?

(अमळनेर येथे शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, खान्देशातल्या यात्रेतली कुस्त्यांची दंगल आठवा. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, ऊन कलल्यावर मोठ्या इनामाच्या. पण मला कुस्तीपेक्षा जोड ठरते ती वेळ बघायला आवडते. गडी हात वर करून आखाड्याला फेरी मारतो, समोरून कोणी हात मिळवतो, पंच दोघांना खालीवर न्याहाळतात. एक गडी आपल्याहून किडकिडीत पोरगा हेरतो. दुसरा थेट नावाजलेल्या पैलवानाला आव्हान देतो. तिसरा बरोबरीचा गडी मिळेपर्यंत फिरत राहतो. जिंकायचं तिघांनाही आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड आणि जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी ही निवड रिंग फेकायच्या खेळात तपासली. खुंटीवर रिंग टाकायची. किती लांबून, ते ज्याचं त्याने ठरवायचं. काही करून दाखवायची ओढ ज्यांना मोठी, ते बहुधा मधल्या अंतरावर उभे राहिले. तिथून नेम चुकू शकतो, पण लागला तर तो आपल्या हाताचा. अपयशाची धास्ती असलेली माणसं दोन्ही टोकांकडे वळतील, असं अ‍ॅटकिन्सन यांचं म्हणणं. अगदी जवळून चुकत नाही, आणि फार लांबून चुकलं तर हसणार कोण? प्रयोगात विभागणी इतकी स्वच्छ निघाली नाही, माणसं तशी निघत नाहीतच. पण कल दिसला. नावाजलेल्याशीच भिडणाऱ्याला आपण धाडसी म्हणतो. मला मात्र वाटतं, पुष्कळदा त्याने हरण्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. ‘एवढ्या मोठ्याशी लढला’ ही शाबासकी त्याला चितपट होऊनही मिळते.

आणखी एक गडी असतो, स्वभावाने मऊ. समोर मित्र आला की हात ढिला पडतो, कुस्ती बरोबरीत सुटते. बघे ओरडतात, ‘हाई काय कुस्ती शे का?’ ही नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली लढत नव्हे, त्याने कोणाचे पैसे खाल्लेले नाहीत. दुसऱ्याला पाडण्यात त्याला गोडी नाही, एवढंच. हाच मुलगा कबड्डीत संघासाठी गुडघे फोडून घेतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी 1898 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर जुनाच. 40 मुलांना मासे धरायच्या गळाचं रीळ फिरवायला दिलं, कधी एकट्याने, कधी दुसऱ्याच्या जोडीला. चुरशीत 20 मुलं वेगवान झाली. 10 जणांना फारसा फरक पडला नाही, आणि उरलेली 10 गडबडून मंदावली. पाठ्यपुस्तकांत पहिल्या वीसांचंच कौतुक फार.

आपण वर्गात नंबरांची यादी लावतो, तेव्हा सगळ्यांची जोड आपणच ठरवून टाकतो. एकदा उलट करून बघा. चाचणीआधी प्रत्येकाला आपली जोड निवडू द्या आणि कोणी कोणाला निवडलं ते वहीत टिपा. पहिल्या नंबरच्या मुलाने पस्तिसाव्याला निवडलं, तर आधी पहिल्याशी बोला. जो कोणालाच निवडणार नाही, त्याच्या हातात त्याचीच मागच्या चाचणीची उत्तरपत्रिका द्या.